तोफेची गोड पत्रं

काटेवाल्यांनी आयुष्यात कुणाला ‘कृपया’ म्हटलं असेल तर ते फक्त कागदावर, आणि तेही त्यांना स्वतःला न कळता.

काटेवाले म्हणजे वजनकाटे दुरुस्त करणारे. किराणा दुकानातले, औषधवाल्याचे, दवाखान्यात बाळांना तोलायचे, सोनाराचे इवलेसे, गोदामातले माणूसभर उंचीचे, असे सगळे काटे त्यांच्या हाताखालून जायचे. पुढच्या खोलीत कारखाना, मागच्या खोल्यांत संसार आणि मधल्या दाराशी टेबलावर कॉम्प्युटर. हात इतका हलका की केसाएवढा फरक बोटाला कळावा. जीभ मात्र अशी जड की समोरच्याच्या पायावर पडली तर तो लंगडतच घरी जायचा. गल्लीने त्यांचं नाव तोफ ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काय आहे हे त्यांना कळत नव्हतं.

पण ही गोष्ट तोफेची नाही, तोफेशी संसार केलेल्या बाईची आहे. तिला सगळे वहिनी म्हणत. फोन घेणं, बिलं करणं, पाकिटं चिकटवणं ही वहिनींची कामं, आणि तोफ डागून झाली की जखमींची विचारपूस करणं हेही त्यांचंच. गिऱ्हाईक लाल चेहऱ्याने दुकानाच्या पायऱ्या उतरायला लागलं की वहिनी मागच्या दाराने जाऊन त्याला कोपऱ्यावर गाठायच्या आणि म्हणायच्या, त्यांचं मनावर घेऊ नका, काटा चोख होईल. काटा चोख व्हायचा, म्हणून गिऱ्हाईक परत यायचं.

वहिनींचं माहेर अगदी दुसऱ्या टोकाचं. तिथे आवाज चढवणं तर सोडाच, काही हवंय म्हणून सांगणंही असभ्य समजत. वडिलांना पाणी हवं असलं तर ते म्हणायचे, आज फार उकडतंय. मग ज्याला कळेल त्याने पाणी आणायचं. कुणाला कळलं नाही तर वडील तहानलेले झोपायचे, पण मागायचे नाहीत. अशा घरातून वहिनी तोफेच्या तोंडी आल्या. आल्या त्या दिवसापासून त्यांनी एकच धंदा केला, नवऱ्याच्या बोलण्याचे कोपरे घासून गुळगुळीत करण्याचा. तोंडी बोलणं घासता येत नाही. ते सुटलं की सुटलं. लिहिलेलं मात्र घासता येतं, हा शोध त्यांना कॉम्प्युटरने लावून दिला.

कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्याबरोबर पत्रं लिहायचं, हिशेब मांडायचं ऑफिसचं सॉफ्टवेअर आलं. वहिनी कोपऱ्यावरच्या क्लासला जाऊन ते शिकल्या. तिथे बाईंनी एक गंमत दाखवली. दुकानाचं लांबलचक नाव पुन्हा पुन्हा टाइप करायचं नसेल तर त्याचं छोटं रूप एकदा शिकवून ठेवायचं. मग छोटं टाइप केलं की सॉफ्टवेअर आपोआप लांब करून टाकतं. बाकीच्यांनी आपापल्या दुकानांची नावं शिकवली. वहिनींनीही तेवढंच केलं आणि घरी आल्या.

पुढे झालं असं की काटेवाल्यांनी बाळांच्या दवाखान्याला पत्र लिहिलं. काटा कसा हाताळायचा हे सांगूनही कुणी ऐकत नाही, तुमच्या बेअक्कलपणामुळे बाळांची वजनं चुकतात, वगैरे. म्हणणं सोळा आणे खरं होतं. पण दवाखान्याच्या मोठ्या सिस्टर ते पत्र हातात घेऊन दुकानात आल्या आणि वहिनींसमोर बसून रडल्या. इतकी वर्षं बाळं सांभाळली, मला कुणी असं बोललं नव्हतं, म्हणाल्या. वहिनींनी त्यांना चहा दिला. दुपारी काटेवाले बाहेर गेल्यावर त्या कॉम्प्युटरसमोर बसल्या आणि सॉफ्टवेअरला शिकवलं: ‘बेअक्कलपणामुळे’ आलं की ‘थोड्या गडबडीमुळे’ लिहायचं.

एकदा चव लागली की कोण थांबतं? ‘मूर्खपणा’ची झाली ‘नजरचूक’. ‘ताकीद देतो’चं झालं ‘विनंती करतो’. ‘लाज वाटायला हवी’चं झालं ‘लक्ष द्यावं’. काटेवाले पत्रात ‘कृपया’ घालत नसत, म्हणून ‘उद्याच्या उद्या’च्या जागी ‘कृपया लवकर’ बसवलं. आणि ‘ताबडतोब’ हा शब्द तर वहिनींच्या कानाला पहिल्यापासून खुपायचा. ताबडतोब काटा घेऊन या, ताबडतोब उत्तर पाठवा. माणसाला कुणी असं हाकतं का? ‘ताबडतोब’च्या जागी त्यांनी ‘सवडीने’ घातलं. आपण सरळसरळ ध चा मा करतोय हे त्यांना कळत होतं. पण यात माणूस मरत नाही, वाचतो, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

तुम्ही म्हणाल, काटेवाल्यांना हे दिसलं कसं नाही? अहो, ते दोन बोटांनी टाइप करायचे, आणि नजर सगळी कळांवर. डोळ्यांवर जवळचा चष्मा. त्यातून कळा दिसायच्या, पडदा नुसता पांढरा धूर. दोन्हीकडे चालणारा चष्मा करा म्हटलं तर तो म्हाताऱ्यांचा असतो म्हणायचे. पत्र छापून आलं की खाली ठसठशीत सही ठोकायची आणि कागद वहिनींकडे सरकवायचा. एकदा वाचून तरी बघा, असं कुणी सुचवलंच तर उत्तर ठरलेलं होतं: मीच लिहिलंय, मग मलाच काय वाचायचंय?

तर पत्रं गोड जायची आणि उत्तरं गोड यायची. औषधवाला म्हणायचा, काटेवाले तोंडाने तोफ आणि कागदावर लोणी. काटेवाल्यांची समजूत वेगळीच. वहिनींना ते ऐटीत सांगायचे, बघ, स्पष्ट लिहिलं की लोक कसे सुतासारखे सरळ येतात. वहिनी मान डोलवायच्या आणि पाकिटाला डिंक लावायच्या.

सगळं सुरळीत होतं. मग लेक घर सोडून गेली.

लेक बापाच्या हाताखाली काटे शिकली होती. हात बापाचा, जीभही बापाचीच. तिने एक दिवस सांगितलं की इलेक्ट्रॉनिक काटे बनवणाऱ्या कंपनीत तिला नोकरी लागली आहे आणि ती दुसऱ्या शहरात जाणार. काटेवाल्यांच्या लेखी ही फितुरी होती. त्या दिवशी पुढच्या खोलीत दोन तोफा समोरासमोर उभ्या राहिल्या आणि वहिनी मधल्या दारात. शेवटी बाप म्हणाला, पुन्हा तोंड दाखवू नकोस. लेक म्हणाली, नाही दाखवणार. बॅग उचलून ती गेली.

त्यानंतर बापलेकीचं फोनवर धड बोलणं होईना. ‘हॅलो’ला सुरुवात आणि ओरडण्यात शेवट. मग पत्रं सुरू झाली. काटेवाले सवडीच्या दुपारी बसून दोन बोटांनी लेकीला लिहायचे आणि वहिनी पाकीट चिकटवायच्या. पहिलं पत्र जायच्या आधीच वहिनींनी खबरदारी घेतली होती. ‘तोंड दाखवू नकोस’च्या जागी ‘तोंड दाखवून जा’ शिकवून ठेवलं होतं. मूळ काय लिहिलंय हे त्यांना कधीच दिसलं नाही, कारण त्यांच्या हातात यायचं ते सॉफ्टवेअरने घासलेलं. ते वाचून त्यांना बरं वाटायचं. पत्रं समजूतदार असायची. लेकीची उत्तरंही समजूतदार यायची, थोडक्यात, तब्येतीला जपा म्हणणारी. लेक घरी मात्र आली नाही. वहिनींना फोन करायची तेव्हा विचारायची, बाबा काय म्हणतात? वहिनी सांगायच्या, पत्रात लिहितात ना. त्या घरात जे बोललं जाई त्याचं भांडण होई, म्हणून बोलायचंच नाही, असा त्यांनी कानाला खडा लावला होता.

या वर्षी लेकीचा फोन आला तो वेगळा होता. कंपनी तिला समुद्रापार पाठवत होती, कायमचीच म्हणा ना. सोमवारी हो की नाही ते सांगायचं होतं. ती म्हणाली, आई, बाबांना एक कागद मेलने पाठवते. दुकानाबद्दल काही लिहिलंय, आणखीही थोडं आहे. त्यांनी वाचावा आणि त्यांनीच उत्तर द्यावं. तू नको. त्यावर मी ठरवेन.

कागद आला, पण उघडेना. लेकीच्या कंपनीतलं सॉफ्टवेअर नवीन, यांचं जुनंपुराणं. पडद्यावर नुसते चौकोन आणि किडेमकोडे. काटेवाल्यांनी आधी कॉम्प्युटरवर तोफ डागली, मग लेकीच्या कंपनीवर, आणि शनिवारी दुपारी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

दुरुस्तीवाला टक्कल पडलेला, कामापुरतं बोलणारा गृहस्थ. त्याने बॅग उघडली आणि पहिलाच प्रश्न टाकला. जुनं आधी काढून मग नवीन टाकू, की जुन्यावरच नवीन चढवू? काटेवाल्यांनी सुताराला उत्तर द्यावं तसं दिलं. काढा. कुजक्या फळीवर नवी फळी कोण ठोकतं? आणि एका गोदामात काटा अडला होता तिकडे निघून गेले.

वहिनी मात्र चोराच्या मनात चांदणं असल्यासारख्या तिथेच घुटमळल्या. त्यांनी विचारलं, काढलं म्हणजे काय काय जातं?

“तुमची पत्रं नाही जात,” दुरुस्तीवाला म्हणाला. “ती वेगळी असतात. पण तुम्ही याला जे शिकवलंय ते जातं. मी काढतो तेव्हा झाडून काढतो. वर चढवलं तर सगळं आपसूक येतं, फक्त कधीकधी जुनं नव्याशी भांडतं.” बोलता बोलता त्याने शिकवलेल्या शब्दांची खिडकी उघडली आणि वाचायला लागला. आधी त्याच्या मिशा हलल्या, मग तो हसला, आणि मग ‘तोंड दाखवू नकोस’पाशी येऊन गप्प झाला. त्याने वहिनींकडे पाहिलं नाही. दवाखान्याचा कॉम्प्युटर तोच बघायचा. काटेवाल्यांची पत्रं त्याने तिथे फाइलला लावलेली पाहिली असणार.

“हे तुम्ही?” त्याने विचारलं.

वहिनींच्या डोळ्यांपुढे सोमवार उभा होता. शब्द गेले तर आज काटेवाले जे लिहितील ते जसंच्या तसं लेकीच्या हातात पडेल. इतकी वर्षं जपून पेलून धरलेलं एका दुपारी फुटेल आणि पोर समुद्रापार जाईल ती जाईलच. नवऱ्याने काढा म्हणून सांगितलं होतं. पण नवऱ्याला काय काढायचं ते माहीत नव्हतं.

त्या म्हणाल्या, वरच चढवा. त्याने मान हलवली आणि कामाला लागला. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागल्या.

झालं म्हणून त्याने हाक मारली. नवीन सॉफ्टवेअर बसलं होतं, जुने शब्द त्यात सुखरूप आले होते. खात्री म्हणून त्याने लेकीचा कागद उघडून दाखवला. नवऱ्याच्या आधी आपण वाचू नये हे वहिनींना कळत होतं, पण डोळे काही विचारून वाचत नाहीत.

दुकानाबद्दल बरंच लिहिलं होतं. इलेक्ट्रॉनिक काटेही दुरुस्तीला घ्यावेत, शेजारचा गाळा घ्यावा, दोघांनी मिळून चालवावं. म्हणजे पोरगी परत यायचं म्हणत होती. वहिनींनी पदराने डोळे पुसले आणि खाली वाचलं.

‘बाबा, एकच विचारायचं आहे. मी गेल्यापासून तुमच्या प्रत्येक पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिता, सवडीने ये. प्रत्येक पत्रात. मला वाटायचं, एकदा तरी तुम्ही रागावून लिहाल, ये म्हणून ओरडाल. तुम्ही कधी कुणाला सवडीने काही करायला सांगितलं आहे? ज्याचं काही अडलेलं नाही त्यालाच माणूस सवडीने ये म्हणतो. मी तुम्हाला हवी आहे की नको, तेवढं सांगा. नको असेन तर मी जाते, राग नाही.’

वहिनींना आधी कळलंच नाही. सवडीने? ते तर त्यांनीही दर पत्रात वाचलं होतं, आणि वाचून बरंच वाटलं होतं. मग कळलं.

गिऱ्हाइकांसाठी म्हणून, कधीतरी एका दुपारी, शिकवून ठेवलेला शब्द. सॉफ्टवेअरला काय, गिऱ्हाईक आणि लेक सारखेच. तो हट्टी, फटकळ, कुणापुढे न वाकणारा माणूस दर पत्राच्या शेवटी लेकीला लिहीत होता, ताबडतोब ये. दर पत्रात. उत्तर आलं की कागद मागूनपुढून बघायचा, लेक येतेय असं कुठेच नसायचं, आणि काही न बोलता काट्यांकडे वळायचा. आपण त्याला दगड समजलो. आणि लेक तिकडे तहानलेली झोपत होती, कारण आपण बापाच्या तोंडी घातलं होतं, आज फार उकडतंय.

वहिनींना स्वतःचा असा राग आला जसा आयुष्यात दुसऱ्या कुणाचा आला नव्हता. कडू कडू म्हणून त्यांनी जे ओतून टाकलं होतं, त्यातच औषध होतं.

दुरुस्तीवाला बॅग आवरत होता. वहिनी म्हणाल्या, “काढा. जुनं, नवं, सगळं काढा आणि नवीन परत टाका. कोरं.”

तो वैतागला. पहिल्यांदा तेच तर विचारलं होतं, म्हणाला. मग जरा सौम्यपणे म्हणाला की एवढं सगळं नको, नुसते शब्द पुसले तरी भागेल, आपण बसून पुसू.

“नको,” वहिनी म्हणाल्या. “एखादा राहिला तर मला कळणारही नाही. मुळापासून काढा.”

त्याने मुळापासून काढलं. प्रोग्राम गेला तरी शिकवलेले शब्द कोपऱ्यात दडून बसतात, ते त्याने हाताने शोधून काढले. मग कोरं सॉफ्टवेअर टाकलं. तो गेला तेव्हा काटेवाले दारात बूट काढत होते.

वहिनींनी लेकीचा कागद छापून त्यांच्या हातात दिला. त्यांनी उभ्याउभ्याच वाचायला घेतला. गाळ्याच्या कल्पनेला नाक मुरडलं, इलेक्ट्रॉनिक काट्यांना काहीतरी पुटपुटले, आणि खाली येऊन थांबले.

“सवडीने?” ते म्हणाले. “मी? हा शब्द मी उभ्या जन्मात लिहिला नाही.”

“तुम्ही नाही लिहिला,” वहिनी म्हणाल्या. “मी लिहिला.”

त्यांनी सगळं सांगितलं. सिस्टरपासून सुरुवात केली, काही लपवलं नाही, गुळगुळीतही केलं नाही. आता तोफ सुटेल, सुटायलाच हवी, असं म्हणून त्या उभ्या राहिल्या. पण काटेवाले स्टुलावर बसून राहिले. समोर दुरुस्तीला आलेला सोनाराचा काटा होता, त्याच्या पारड्यावर त्यांनी बोट टेकवलं आणि उचललं. काटा हलत राहिला.

“म्हणजे मला वाटायचं की ती उर्मट आहे,” ते हळू म्हणाले. “मी एवढं लिहितोय आणि ही ढिम्म.”

वहिनींना रडू आलं. त्या म्हणाल्या, मला वाटलं मी घर सांभाळतेय. काटेवाले नाही सांभाळलंस असं म्हणाले नाहीत. उठले, कॉम्प्युटरपाशी गेले, जवळचा चष्मा चढवला आणि दोन बोटांनी टाइप करायला लागले.

वहिनी त्यांच्या खुर्चीमागे उभ्या राहिल्या. ते लिहीत असताना इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच पडद्याकडे बघत होत्या आणि ते नेहमीप्रमाणे कळांकडे. पहिले शब्द उमटले, ‘मूर्ख पोरी’. वहिनींनी डोळे मिटून घेतले. उघडले तरी ‘मूर्ख पोरी’ तिथेच होती. पुढे गाळ्याची कल्पना म्हणजे शुद्ध मूर्खपणा असल्याचं आलं आणि मूर्खपणा मूर्खपणाच राहिला. हट्टीपणा अजून गेला नाही असं दिसतं, असं आलं. गेला असता तर मला वाईट वाटलं असतं, असंही आलं, आणि हे तर सॉफ्टवेअरच्या बापालाही सुचलं नसतं. मग काटेवाले थांबले. एकेक कळ शोधून त्यांनी शेवटची ओळ टाइप केली आणि मान न वळवता विचारलं, “राहिलं का बघ.”

“राहिलं,” वहिनी म्हणाल्या.

पडद्यावर होतं: ‘ताबडतोब ये.’

वहिनींनी सवयीने पाकीट काढलं. काटेवाले म्हणाले, पाकीट कशाला, मेलने पाठव. सहीशिवाय? वहिनींनी विचारलं. सहीशिवाय पत्र म्हणजे रद्दी, असं जन्मभर सांगत आलेला माणूस म्हणाला, ताबडतोब म्हणालोय ना, मग टपालाची वाट कोण बघणार?

मेल गेला. वहिनींना लेकीला कळवायचं होतं की ते सवडीने माझं होतं, आणि तिने तोंडात येईल ते मला बोलावं. शब्द जुळवता जुळवता फोन वाजला. उचलायला वहिनी उठल्या, पण काटेवाल्यांनी आधी उचलला.

हॅलो झालं. मग गाळ्यावरून सुरुवात झाली, मग इलेक्ट्रॉनिक काटे निघाले, आणि बघता बघता काटेवाल्यांचा आवाज इतका चढला की समोरच्या दुकानातला औषधवाला दारात येऊन उभा राहिला. फोनमधून लेकीचाही आवाज खोलीभर ऐकू येत होता. दोघंही एकमेकांना मूर्ख म्हणत होते. मधेच बाप ओरडला, कुठली गाडी, किती वाजता पोचते, नीट सांग.

वहिनी कानावर हात ठेवणार होत्या, पण ठेवला नाही. त्या आतल्या खोलीत गेल्या आणि लेकीच्या पलंगावर रचलेली जुन्या काट्यांची खोकी एकेक करून खाली उतरवायला लागल्या.